तेच पाणी, तोच दिवस

लंडनमध्ये टेम्स नदी पटनी ते मॉर्टलेकदरम्यान वळणं घेत जाते. ६.८ किलोमीटरच्या या मार्गावर दरवर्षी वसंतात ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांच्या बोटी एकमेकींशी भिडतात. काठावर तोबा गर्दी होते आणि बाकीचा देश टीव्हीसमोर बसतो. पुरुषांची ‘बोट रेस’ सुरू झाली १८२९ साली. पुरुषांच्याच मार्गावर, त्यांच्याच दिवशी महिलांची बोट सुटायला मात्र २०१५ साल उजाडावं लागलं.

महिला वल्ही मारत नव्हत्या असं नाही. त्यांची पहिली लढत १५ मार्च १९२७ रोजी ऑक्सफर्डमध्येच झाली. पण तिला शर्यत म्हणावं की परीक्षा, असा प्रश्न पडतो. दोन्ही बोटींना एकाच वेळी पाण्यात उतरायची परवानगी नव्हती. मुलींनी आळीपाळीने वल्हवायचं आणि परीक्षकांनी वेगाबरोबर वल्हवण्याची ढबही तपासायची, असा नियम होता. ढबीवरून परीक्षकांचं एकमत होईना, तेव्हा घड्याळ पाहून ऑक्सफर्डला विजयी ठरवलं गेलं. काठावर जमलेल्या गर्दीतल्या अनेकांना तर हा प्रकारच मान्य नव्हता.

त्या दिवशी केंब्रिजकडून उतरलेल्या मुली न्यूनहॅम कॉलेजच्या होत्या. ज्या विद्यापीठासाठी त्या घाम गाळत होत्या, त्याचं पूर्ण सदस्यत्व महिलांना मिळालं ते १९४८ मध्ये. ऑक्सफर्डने हे दार १९२० मध्ये उघडलं होतं. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ मध्ये दिली होती. पदवी हातात पडायला त्यांना ३० वर्षं थांबावं लागलं. वर्गात ही तऱ्हा, तर नदीवर वेगळं काय होणार?

पुढची कित्येक वर्षं महिलांची शर्यत कधी व्हायची, कधी नाही. साठच्या दशकात ती दरवर्षी होऊ लागली आणि १९७७ पासून हेन्लीला स्थिरावली. तिथलं अंतर २ हजार मीटर, म्हणजे पुरुषांच्या मार्गाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. १९८१ मध्ये स्यू ब्राउन ऑक्सफर्डच्या पुरुषांच्या बोटीची कॉक्स झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला डोक्यावर घेतलं. कॉक्स म्हणजे सुकाणू धरणारा नववा गडी. वल्हवणाऱ्या आठही जणांची पाठ पुढच्या दिशेला असते. समोरचं पाणी दिसतं ते फक्त कॉक्सला. पुरुषांच्या बोटीला दिशा दाखवायला बाई चालली, पण बायकांच्या बोटीला त्या मार्गावर जागा नव्हती.

गाडं अडलं होतं ते पैशांपाशी. प्रायोजक पुरुषांच्या शर्यतीला मिळत. मुली मात्र सरावाचा आणि साहित्याचा खर्च बराचसा स्वतःच्या खिशातून भागवत. ‘न्यूटन’ या गुंतवणूक कंपनीच्या प्रमुख हेलेना मॉरिसी यांनी २०११ पासून महिलांच्या शर्यतीला पाठबळ दिलं आणि बरोबरीच्या वागणुकीचा आग्रह धरला. अखेर ११ एप्रिल २०१५ रोजी दोन्ही शर्यती एकाच मार्गावर, एकाच दुपारी झाल्या. महिलांमध्ये ऑक्सफर्ड जिंकलं.

मार्ग तोच, म्हणजे संकटंही तीच. २०१६ मध्ये वाऱ्याने नदी खवळली. ऑक्सफर्डने आडोशाचा काठ गाठला. केंब्रिजची बोट लाटांत सापडली आणि तिच्यात पाणी भरू लागलं. वल्ही जड झाली, बोट जवळजवळ बुडाली. तरी कॉक्स रोझमेरी ऑस्टफेल्डने शर्यत सोडली नाही. केंब्रिज खूप मागे पडलं, पण मॉर्टलेकला पोचलं. पुढच्याच वर्षी केंब्रिजच्या महिलांनी तो मार्ग १८ मिनिटं ३३ सेकंदांत कापून विक्रम केला. दोन हजार मीटरच्या शर्यतीत ना ही फजिती दिसली असती, ना हा पराक्रम.

मग क्लबही बदलले. केंब्रिजने २०२० मध्ये पुरुषांचे आणि महिलांचे वेगवेगळे क्लब मोडून एकच क्लब केला. २०२१ मध्ये सारा विंकलेस पुरुषांच्या शर्यतीच्या पंच झाल्या. त्या खुर्चीत बसणाऱ्या त्या पहिल्या महिला.

या साऱ्या काळात मुलींची ताकद कमी पडली असं कधीच झालं नाही. कमी पडलं ते नियोजन आणि पैसा. समतेचे ठराव सगळीकडेच होतात. आपल्या विद्यापीठात ती कितपत उतरली आहे हे पाहायचं असेल, तर क्रीडा विभागाला चारच प्रश्न विचारा: मुलींना मैदान किती वाजता मिळतं, प्रशिक्षक पूर्णवेळ आहे का, कपडे बदलायला खोली आहे का आणि प्रवासभत्ता मुलांइतकाच आहे का? उत्तरं तोंडी घेऊ नका, लेखी मागा.