सशांपासून सुरुवात

दक्षिण स्पेनमधल्या सिएरा मोरेनाच्या डोंगरात, ओकच्या झाडांत आणि दाट झुडपांत इबेरियन लिंक्स राहतो. कानांच्या टोकांवर काळे गोंडे, गालांवर दाढीसारखे कल्ले, अंगभर ठिपके. 2002 मध्ये मोजणी झाली तेव्हा या रानमांजराची संख्या शंभराच्याही आत आली होती. तीही दोनच ठिकाणी: एक हे डोंगर, दुसरं दोन्यानाचा पाणथळ प्रदेश.

त्याला वाचवायचं काम सशांपासून सुरू करावं लागलं. लिंक्सचं बहुतेक पोट सशांवरच भरतं. मोठ्या लिंक्सला दिवसाला साधारण एक ससा पुरतो, पिल्लं असलेल्या मादीला तीन लागतात. 1950 च्या दशकात सशांमध्ये मिक्सोमॅटोसिस या रोगाची साथ आली, 1980 च्या दशकाच्या अखेरीस सशांचा रक्तस्रावी रोग आला. ससे पटापट मेले आणि लिंक्सची उपासमार झाली. म्हणून दगड, फांद्या आणि माती रचून सशांसाठी बिळं तयार केली, त्यांत ससे सोडले, झुडपांच्या मधे चरायला गवताचे पट्टे राखले. जमीन बरीचशी खासगी, शिकारीसाठी राखलेली. आपल्या वाट्याचे ससे हा प्राणी खाईल, ही मालकांची भीती. पण लिंक्स आपल्या हद्दीत कोल्ह्या-मुंगसांना टिकू देत नाही, त्यामुळे सशांचं फावतं. हे पटवून मालकांशी करार झाले. मला या कामातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. जमीनमालक सोबत नसता तर पुढचं सगळं वाया गेलं असतं.

दुसरीकडे पिंजऱ्यातली पैदास. 28 मार्च 2005 रोजी दोन्यानाच्या एल असेबुचे केंद्रात सालिएगा नावाच्या मादीला तीन पिल्लं झाली. काही आठवड्यांतच भावंडांची जुंपली आणि एक पिल्लू दगावलं. साधारण दीड-दोन महिन्यांच्या वयात लिंक्सची पिल्लं अशी जिवावर उठून भांडतात, हे त्यातून ध्यानात आलं. तेव्हापासून त्या दिवसांत कॅमेऱ्यावरची नजर हटत नाही आणि भांडण हाताबाहेर जायला लागलं की पिल्लांना वेगळं करतात.

रानात जायचं पिल्लू माणसाळता कामा नये. म्हणून त्याला जिवंत ससे मिळतात, तेही सोडणारा माणूस दिसणार नाही अशा बेताने. जोड्या लावताना नातं तपासतात, कारण इतक्या थोड्या जनावरांत जवळच्या रक्ताचा संकर फार लवकर नडतो. मग वाढलेल्या पिल्लाला गळ्यात रेडिओ कॉलर घालून रानात सोडतात. पोर्तुगालमध्ये मेर्तोलाच्या परिसरात असेच लिंक्स पुन्हा वसवले.

2023 च्या मोजणीत आकडा दोन हजारांपलीकडे गेला. 2024 मध्ये जागतिक लाल यादीत लिंक्स ‘संकटग्रस्त’ गटातून ‘असुरक्षित’ गटात आला. संख्या वाढली तसे तरुण लिंक्स नवी हद्द शोधत दूर जातात आणि वाटेत महामार्ग आडवा येतो. दरवर्षी कित्येक लिंक्स गाड्यांखाली मरतात. ते टाळण्यासाठी रस्त्यांच्या कडेला जाळीचं कुंपण घालतात आणि डांबराखालून पलीकडे जाण्यापुरतं भुयार ठेवतात.