वन-टू-थ्री-फोर... आणि पंक घराणं सुरू!

ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातल्या रसिकहो, घड्याळ लावा! आपल्याकडे एक बडा ख्याल नीट रंगायला अर्धा तास सहज जातो. माहीत आहे का, तेवढ्या वेळात न्यूयॉर्कच्या चार पोरांनी अख्खा अल्बम उरकला होता? १४ गाणी, जेमतेम २९ मिनिटं! बँडचं नाव 'रामोन्स', अल्बमचं नावही 'रामोन्स', साल १९७६. क्लासिक पंकची बंदिश बांधली गेली ती इथे.

एकही गाणं तीन मिनिटांपर्यंत पोचत नाही. 'ज्युडी इज अ पंक' तर दीड मिनिटात खल्लास. आलाप नाही, लांबलचक गिटार सोलो नाही. वन-टू-थ्री-फोर म्हणायचं आणि सुटायचं!

खर्च? ६,४०० डॉलर. वेळ? साधारण आठवडाभर. पत्ता मात्र एकदम पॉश, न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या इमारतीतला स्टुडिओ. फाटकी जीन्स, फाईव्ह स्टार जागा!

आता हेडफोन लावा आणि एक टेस्ट करून बघा. उजव्या कानातला हेडफोन काढलात तर गिटार जवळजवळ गायब. डावा काढलात तर बास गायब. मधोमध गाणं आणि ड्रम. साठच्या दशकातल्या बीटल्सच्या रेकॉर्डसारखी ही वाटणी मुद्दाम केलेली. गिटारच्या बाजूला जरा थांबा. गिटारवाल्या जॉनीचा हात तारांवर वरून खाली, वरून खाली, असाच चालतो. खालून वर जाताना तार छेडायचीच नाही. बहुतेक गिटारवाले दोन्ही दिशांनी वाजवून दम वाचवतात. जॉनीने दम वाचवला नाही, म्हणून तो आवाज करवतीसारखा सलग येतो. मनगटाची ही मेहनत रियाजाशिवाय येत नाही. 'पंकवाल्यांना वाजवता येत नाही' म्हणणाऱ्यांनी दोन मिनिटं तसं वाजवून दाखवावं!

माहीत आहे का, जॉनी रामोन, जोई रामोन, डी डी रामोन, टॉमी रामोन हे भाऊ नव्हतेच? आपल्या ग्वाल्हेर घराण्याचे हद्दू खाँ-हस्सू खाँ सख्खे भाऊ, इथे चौघांचं रक्ताचं काही नातं नाही. आडनाव आलं पॉल मॅकार्टनीकडून. बीटल्स गाजण्याआधी तो काही काळ 'पॉल रामोन' हे टोपणनाव लावायचा. डी डीने ते उचललं, मग सगळ्यांनीच लावलं.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर २५ डिसेंबर २०२३ला हजारावर तबलजी एकत्र बसले आणि गिनीज रेकॉर्ड झालं. तिकडे रामोन्सना मात्र एक धड ड्रमर मिळेना! जोई ड्रम सोडून गायला लागला. मग टॉमी, म्हणजे बँडचा मॅनेजर, ऑडिशनला येणाऱ्यांना 'असं वाजवा' म्हणून दाखवत बसला. दाखवता दाखवता नोकरी त्यालाच लागली.

कव्हरवरचा तो काळा-पांढरा फोटो आठवतो? विटांची भिंत, चार लेदर जॅकेट. रोबर्टा बेली या छायाचित्रकार बाईंना त्याचे १२५ डॉलर मिळाले. आज तीच पोझ जगभरचे बँड मारतात.

आणि विक्री? अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १११वा नंबर, बस्स. पाच लाख प्रतींचं 'गोल्ड' सर्टिफिकेट मिळालं २०१४च्या एप्रिलमध्ये, तब्बल ३८ वर्षांनी. तोवर जोई, डी डी आणि जॉनी गेले होते. जुलैमध्ये टॉमीही गेला. ज्यांनी हे उभं केलं त्यांच्या वाट्याला कौतुक इतकं उशिरा यावं, याचं मला फार वाईट वाटतं.

पण घराणं कुठे थांबतंय! आमच्या मते पंक हे घराणंच आहे आणि पॉप पंक ही त्याची शिष्यशाखा. पुरावा घ्या. १९९२ साली शिकागोच्या 'स्क्रीचिंग वीझल' या पॉप पंक बँडने काय केलं माहीत आहे का? गुरूचा पहिला अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, त्याच क्रमाने पुन्हा वाजवला आणि स्वतःचा अल्बम म्हणून काढला. मग लाट आली. 'द व्हिंडिक्टिव्ह्ज'ने रामोन्सचाच 'लीव्ह होम' घेतला, 'द क्वीअर्स'ने 'रॉकेट टू रशिया', 'मिस्टर टी एक्स्पीरियन्स'ने 'रोड टू रुइन'. गुरूची चीज जशीच्या तशी गायची आणि तरी गळा आपलाच ऐकू यावा, ही परीक्षा ग्वाल्हेरकरांना वेगळी समजवायला नको!

सगळ्यात श्रीमंत शिष्य 'ग्रीन डे'. त्यांचा 'डूकी' १९९४चा, खप कोटींमध्ये. भक्ती किती? गायक बिली जोच्या थोरल्या मुलाचं नाव जोई, ड्रमर ट्रे कूलच्या मुलीचं नाव रामोना! २००२ साली रामोन्स 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये गेले, तेव्हा त्यांची गाणी वाजवायला हेच शिष्य स्टेजवर.

त्याच १९९४च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉक महोत्सवात पाऊस पडला, प्रेक्षकांनी स्टेजवर चिखल फेकला, ग्रीन डेनेही परत फेकला. पंकवाले अक्षरशः पंकात! बासवाला माइक डर्न्ट इतका माखला की सिक्युरिटीला वाटलं, हा घुसखोर प्रेक्षक. त्या झटापटीत त्याचे दात तुटले. आणि 'डूकी'त सहा महिने आधीच एक गाणं होतं, 'पुलिंग टीथ'!

आपल्याकडे? मुंबईच्या 'द लाइटइयर्स एक्सप्लोड' या पंक बँडने २०१३ साली अल्बम काढला, 'द रिव्हेंज ऑफ कालीचरण'. सुभाष घईंचा शत्रुघ्न सिन्हावाला 'कालीचरण' कधीचा माहीत आहे का? १९७६चा, रामोन्सच्याच वर्षीचा! आणि मार्च २०२५मध्ये खुद्द ग्रीन डे मुंबईत, महालक्ष्मी रेसकोर्सवर, लोलापलूझा महोत्सवात. घोड्यांच्या मैदानात त्या रात्री पंक उधळलं.

जाता जाता कहर. २०२४मध्ये ग्रीन डेने 'डूकी'ची ३० वर्षं साजरी करताना त्यातली १५ गाणी १५ विचित्र वस्तूंमध्ये भरून विकायला काढली. एक गेम बॉयच्या कार्ट्रिजमध्ये, एक दाराच्या बेलमध्ये, एक फ्लॉपीवर, एक भिंतीवर टांगायच्या गाणाऱ्या माशात. आणि 'पुलिंग टीथ' कशात भरलं असेल?

टूथब्रशमध्ये!