फौजी भाऊ, पोरीच्या फीसाठी धंद्याचं भांडवल मोडू नका!



रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा... आपल्या वाशीम जिल्ह्यातला जवान चाळिशीच्या आसपास निवृत्त होऊन गावी येतो. हातात ग्रॅच्युइटीची रक्कम, डोक्यात दाल मिल नाहीतर डेअरी. तेवढ्यात पोरीची इंजिनिअरिंगची ॲडमिशन येते. फी भरली की धंदा राहून जातो. म्हणून पैसा कुठून येऊ शकतो, ते आधी बघा.

१. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना. केंद्रीय सैनिक बोर्डाची ही योजना माजी सैनिकांच्या मुलामुलींसाठी आणि वीरपत्नी-विधवांसाठी आहे. मुलीला महिन्याला ३,००० रुपये, मुलाला २,५००. म्हणजे चार वर्षांच्या कोर्समध्ये मुलीचे १ लाख ४४ हजार! बारावीला किमान ६० टक्के हवेत. कोर्स व्यावसायिक हवा: इंजिनिअरिंग, फार्मसी, बीएड, बीसीए वगैरे. साध्या बीएला ही मिळत नाही. अर्ज पहिल्या वर्षालाच करायचा. ते वर्ष हुकलं की संधी गेली.

२. रक्षामंत्री निधीतून शिक्षण अनुदान. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांसाठी, पहिलीपासून पदवीपर्यंत. नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना महिन्याला १,००० ऐवजी २,००० रुपये. इथे साधा बीए, बीकॉमही चालतो. वर्ग पास झाल्यावर अर्ज करायचा. एकाच लेकरासाठी दोन्ही मिळतील असं धरून चालू नका, आधी विचारा.

मग करायचं काय? दोन्ही अर्ज ऑनलाइन आहेत, पण तपासणी वाशीमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून होते. डिस्चार्ज बुक, माजी सैनिक ओळखपत्र, मार्कशीट, बोनाफाईड आणि आधार जोडलेलं बँक पासबुक, अशी फाइल आजच बनवा. डिस्चार्ज बुकात पोराचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, ते नक्की बघा. अर्ज अडकतात ते बहुतेक इथेच.

आता धंद्याचं गणित. पीएमईजीपी योजनेत माजी सैनिक विशेष प्रवर्गात येतो. स्वतःचा हिस्सा फक्त ५ टक्के आणि ग्रामीण भागात अनुदान ३५ टक्के. १० लाखांच्या प्रकल्पाला तुमचे ५० हजार लागतात. तेच ५० हजार फीमध्ये गेले, तर साडेतीन लाखांचं अनुदानही हातचं जातं.

शिष्यवृत्ती उशिरा जमा होते, त्यामुळे पहिला हप्ता तुम्हालाच भरावा लागेल. तेवढीच रक्कम बाजूला ठेवा. भांडवलाला हात लावू नका!

जय जवान, जय उद्योजक!