परसबाग, भाग ९ : मक्याला शेजार कुणाचा?

गेल्या आठवड्यात आपण वेलभाज्यांचं पाहिलं. दोन जातींचे भोपळे शेजारी लावले आणि त्यांचा संकर झाला, तरी यंदाचं फळ जसं यायचं तसंच येतं. फरक कळतो तो त्यातलं बी पुढच्या वर्षी पेरल्यावर. मक्याचं तसं नाही. मक्यात आपण खातो ते बीच. शेजारच्या जातीचा पराग पडला की त्याचा परिणाम याच हंगामात, याच कणसात, दाताखाली कळतो. त्यामुळे 'थोडा गोड, थोडा लाह्यांचा, थोडा रंगीत' असा बेत आखणाऱ्यांनी आधी हा शेजारधर्म समजून घ्यावा.

झाडाच्या शेंड्याला येणारा तुरा हा नर आणि मधल्या पानांच्या बेचक्यात येणारं कणीस ही मादी. कणसाच्या टोकातून लोंबणारा प्रत्येक केस एकेका दाण्याचा असतो. ज्या केसाला पराग मिळाला नाही, त्याचा दाणा भरत नाही. पराग वाहून नेणारा वारा. म्हणूनच मका कुंपणाच्या कडेने एका लांब ओळीत लावू नये. हौशी बागांत नेमकं हेच दिसतं, आणि मग अर्धी बोडकी कणसं हाती येतात. सोळा झाडं लावायची असतील तर चार ओळींत चार-चार लावा. दोन ओळींत ६० सेंटिमीटर, दोन झाडांत २० ते २५. गच्चीवर दोन-चारच झाडं असतील तर वाऱ्याचं काम आपण करायचं. सकाळी दव वाळलं की तुरा कागदावर हलक्या हाताने झटकायचा आणि जमलेली पिवळी पूड ताज्या केसांवर भुरभुरायची. हे लागोपाठ तीन-चार दिवस करावं लागतं, कारण सगळे केस एकाच दिवशी बाहेर येत नाहीत.

आता गोडव्याकडे वळू. साध्या मक्याच्या दाण्यात आलेल्या साखरेचा स्टार्च होत जातो. गोड मक्यात या कामातलं एखादं जनुक निकामी झालेलं असतं, म्हणून साखर साखरच राहते. पण दाण्याला आई आणि बाप दोघांकडून तेच निकामी जनुक मिळावं लागतं. बापाकडून चांगलं जनुक आलं, म्हणजे शेजारच्या साध्या मक्याचा पराग पडला, की तो दाणा पिठूळ झाला. शेजारच्या रानात कुणी गुरांसाठी आफ्रिकन टॉल केला असेल आणि तो तुऱ्यावर असताना तुमच्या स्वीटकॉर्नचे केस बाहेर आले, तर वाऱ्याच्या बाजूची कणसं बिघडणारच.

खरी गंमत पुढे आहे. गोड मक्याचे दोन मुख्य प्रकार वेगवेगळ्या जनुकांमुळे गोड झालेले आहेत. जुन्या प्रकारात कणीस तोडल्यावर साखर भराभर कमी होते. दुसरा अतिगोड, त्याचे वाळलेले दाणे सुरकुतून चपटे होतात. इलिनॉय विद्यापीठातले जॉन लॉफनन यांनी या सुरकुतलेल्या दाण्यांतल्या साखरेवरचं संशोधन १९५३ मध्ये प्रसिद्ध केलं आणि त्यातून आजची टिकाऊ गोडी असलेली वाणं पुढे आली. हे दोन गोड प्रकार शेजारी लावले तर अधिक गोड दाणे यायला हवेत ना? येतात पिठूळ. एकात जे जनुक निकामी, ते दुसऱ्यात शाबूत. दोघे एकमेकांची उणीव भरून काढतात आणि स्टार्च पुन्हा बनू लागतो. दुकानात दोन रंगांच्या दोन पुड्या आवडल्या तरी एकावेळी एकच घ्या.

लाह्यांच्या मक्याची तऱ्हा एकतर्फी आहे. त्याच्या अनेक जाती साध्या मक्याचा पराग स्वीकारतच नाहीत. त्याचा पराग मात्र स्वीटकॉर्नवर खुशाल पडतो आणि दाणे कडक करतो. बेबीकॉर्न सगळ्यांत बिनत्रासाचं: केस दिसल्यापासून दोन-तीन दिवसांत कणीस तोडायचं, त्यामुळे परागाचा प्रश्नच नाही. फक्त त्याचा तुरा उमलण्याआधी उपटून टाका, म्हणजे इतरांनाही उपद्रव नाही. ओक्लाहोमाच्या कार्ल बार्न्स यांनी जोपासलेल्या 'ग्लास जेम'चे काचमण्यांसारखे रंगीत दाणे फोटोत पाहून अनेकांना मोह होतो. दिसायला सुरेख, पण हा कोवळा खाण्याचा मका नव्हे. लाह्यांना किंवा पिठाला ठीक. एवढ्याशा परसात मी तरी त्याला जागा देणार नाही.

लहान जागेत अंतर राखणं शक्य नसतं. बियाण्यासाठी मका घेणारे शेकडो मीटर मोकळे सोडतात. आपल्या हाती उरते ती तारीख. दोन जातींचे तुरे एकाच वेळी येऊ नयेत, यासाठी पेरणीत किमान तीन आठवड्यांचं अंतर हवं. माझा सल्ला त्याहून सोपा आहे: स्वीटकॉर्न पावसाळ्याच्या सुरुवातीला लावा आणि लाह्यांचा मका ऑक्टोबर-नोव्हेंबरात. स्वीटकॉर्न केस आल्यापासून साधारण वीस दिवसांत, नखाने दाणा दाबल्यावर दुधासारखा रस येतो तेव्हा तोडायचं, म्हणून त्याला पाऊस चालतो. लाह्यांचं कणीस झाडावरच वाळावं लागतं; भर पावसात त्याला बुरशी धरते.

बी धरायचं असेल तर संकरित वाण उपयोगाचं नाही, त्याची पुढची पिढी एकसारखी येत नाही. माधुरी, प्रिया ही गोड किंवा अंबर हे लाह्यांचं, अशी संमिश्र वाणं निवडा आणि बी एका देखण्या कणसाचं न घेता जमतील तितक्या झाडांचं एकत्र करा. दोन-तीन झाडांच्याच बियांवर मका पिढ्यान्‌पिढ्या चालवला तर तो खुरटत जातो.

लाह्यांचा दाणा फुटतो तो आतल्या ओलाव्याच्या वाफेने, आणि तो ओलावा १३ ते १४ टक्के असावा लागतो. तो मोजायला कढई पुरे. कणसं सोलून सावलीत टांगा आणि आठवड्याने मूठभर दाणे टाकून पाहा. लाह्या लहान आणि चिवट झाल्या तर ओल जास्त आहे, अजून थांबा. बरेच दाणे न फुटता तळाशी राहिले तर ते जास्त वाळलेत. बरणीत चमचाभर पाणी घालून झाकण लावा, दोन-तीन दिवस अधूनमधून हलवा आणि पुन्हा फोडून पाहा.

पुढच्या भागात : पोंग्यात शिरणारी लष्करी अळी.