मॉडर्न आणि मॉडर्निस्ट

‘आमची सून एकदम मॉडर्न आहे’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. इथे मॉडर्न म्हणजे आजच्या काळाची, पुढारलेली. मॉडर्निस्टचं तसं नाही. साहित्यात हा शब्द मुख्यतः विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या एका वळणासाठी वापरतात. म्हणजे आज तो चक्क जुना झालाय!

घोळ वाढतो तो मराठी प्रतिशब्दामुळे. स्त्रीवादी म्हणजे स्त्रियांची बाजू घेणारा, तसं ‘आधुनिकतावादी’ म्हणजे आधुनिकतेची बाजू घेणारा, असं आपण सहज धरून चालतो. आता बा. सी. मर्ढेकर घ्या. मराठीतले हे ठळक मॉडर्निस्ट. त्यांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ साली आला, त्यातल्या कवितांवर अश्लीलतेचा खटलाही चालला (सुटले निर्दोष). पण त्यांच्या कवितेत यंत्रयुगाचं कौतुक शोधायला जाल, तर भेटतील पिपात मेलेले उंदीर. नवी आहे ती मांडणी: संतांच्या अभंगाचा साचा, त्यात इंग्रजी शब्द आणि गिरण्यांचं शहर.

म्हणून अनुवादित लेखात नुसतं ‘आधुनिक कवी’ दिसलं, की मूळ शब्द कुठला होता ते तपासा. मर्ढेकरांच्या वळणाबद्दल लिहिताना मी तरी सरळ ‘नवकविता’ म्हणते. मराठीत तो शब्द आधीच रुळलाय.