सूर्यमाला केवढी मोठी?

सूर्य आणि त्याच्याभोवती फिरणारे ग्रह, उपग्रह, लघुग्रह व धूमकेतू मिळून आपली सूर्यमाला होते. ग्रह आठ आहेत : बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून. पूर्वी प्लूटोलाही ग्रह म्हणायचे. २००६ साली त्याला बटुग्रह ठरवले.

चित्रात ग्रह जवळजवळ दिसतात. पण पृथ्वी सूर्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर लांब आहे. एवढं अंतर डोक्यात कसं मावणार? म्हणून आपण १५ कोटी किलोमीटरचा १ किलोमीटर करू. माझे मामा मुंबईत अंधेरीला राहतात. समजा, अंधेरी स्टेशनात सूर्य ठेवला. तो तीन मजली घराएवढा उंच गोळा होईल. आता विरार लोकलने निघायचं. १ किलोमीटरवर पृथ्वी, मोसंबीएवढी. मंगळ जोगेश्वरीजवळ, लिंबाएवढा. गुरू सगळ्या ग्रहांत मोठा, पण तोसुद्धा १ मीटरला थोडा कमीच. तो गोरेगावच्या आसपास. शनी कांदिवलीजवळ. युरेनस मीरा रोड आणि भाईंदरच्या मधे. आणि नेपच्यून थेट वसईला! बाकी बहुतेक सगळी मोकळी जागा.

सूर्यमाला कशी झाली? सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी वायू आणि धुळीचा मोठा ढग होता. तो आपल्याच ओढीने आकसला, गरगर फिरू लागला आणि भाकरीसारखा चपटा झाला. मधे सूर्य पेटला. उरलेली धूळ एकमेकींना चिकटून ग्रह झाले. म्हणून सगळे ग्रह एकाच दिशेने सूर्याभोवती फिरतात. सूर्याजवळ उष्णता फार, म्हणून तिथे दगडाचे ग्रह झाले. लांब थंडी, म्हणून तिथे वायूचे आणि बर्फाचे मोठे ग्रह झाले. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी काळ्या दगडाची आहे. ती सुमारे साडेसहा कोटी वर्षांची. सूर्यमाला तिच्याहून सत्तरपट जुनी!

मंगळ आणि गुरूच्या मधे पुष्कळ लघुग्रह फिरतात. ते उरलेले दगड आहेत. असाच आकाशातला दगड आदळून बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर झाले.

काही लोक मुलीला मंगळ आहे म्हणून लग्न मोडतात. आमच्या शेजारच्या ताईचं तसंच मोडलं. ती खूप रडली. पण मंगळ हा दगडमातीचा गोळा आहे. आपलं मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला तिथे पोचलं. त्याने मंगळाभोवती फिरून फोटो पाठवले. मंगळ ताईला ओळखतसुद्धा नाही, मग तो तिचं लग्न कसं मोडणार? ते माणसांनीच मोडलं.

रात्री आकाशात तांबूस, न लुकलुकणारी चांदणी दिसली तर घाबरू नका. नीट बघा. तो मंगळ असेल.