इंजिनातील कूलंटची गळती : हंगाम हातचा जाण्यापूर्वी

हरभऱ्यावरील घाटे अळी लहान असतानाच फवारणी झाली तर ती आटोक्यात येते. अळी मोठी होऊन घाट्यात शिरली की औषधाचा परिणाम कमी होतो. प्रति मीटर ओळीत १ ते २ अळ्या आढळणे ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते आणि ती ओलांडल्यावर शेतकऱ्याच्या हाती मोजकेच दिवस असतात. नेमक्या त्याच दिवसांत फवारणी यंत्र चालविणारा ट्रॅक्टर अथवा औषध व मजूर वाहून नेणारी पिकअप गाडी तापून बंद पडली, तर कीड व्यवस्थापनाचे उत्तम वेळापत्रकही कागदावरच राहते. म्हणून इंजिनाची देखभाल हा पीक संरक्षणाचाच एक भाग समजावा.

जबलपूर हे वाहनांच्या जाणकारीचे शहर आहे. येथील वाहन निर्माणी १९६९ मध्ये स्थापन झाली. शक्तिमान ट्रक आणि जोंगा याच शहरात घडले. ‘जोंगा’ हे नावच ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या अक्षरांतून आले. शहरातील रिछाई हे औद्योगिक क्षेत्र म्हणून ओळखले जाते, तर अधारताल येथे १९६४ पासून जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय कार्यरत आहे. हरभरा, गहू आणि हिरवा वाटाणा पिकविणाऱ्या या पट्ट्यात कारखाना आणि शेत एकमेकांपासून फार दूर नाहीत. तरीही दुरुस्तीला पाठविण्यापूर्वी दोष कोठे आहे हे मालकाला कळले, तर वेळ व खर्च दोन्ही वाचतात.

गळती नेमकी कोठे?

इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणारा भाग. तो आणि इंजिनाचे हेड यांच्या सांध्यात गास्केट बसविलेले असते. व्ही रचनेच्या अनेक इंजिनांत याच सांध्यातून कूलंटचाही मार्ग जातो. तेथे गास्केट खराब झाले की कूलंट बाहेर झिरपते किंवा आत ऑइलमध्ये मिसळते. जनरल मोटर्सच्या ३.१ व ३.४ लिटर व्ही-६ इंजिनांतील हा दोष वाहन दुरुस्तीच्या क्षेत्रात सर्वपरिचित आहे.

शेतावरील बहुतेक ट्रॅक्टरांची डिझेल इंजिने मात्र एका ओळीतील सिलिंडरांची असतात आणि त्यांच्या मॅनिफोल्डमधून सहसा केवळ हवाच जाते. त्यामुळे ट्रॅक्टरचे कूलंट कमी होत असल्यास होज पाइप, क्लिप, वॉटर पंप, थर्मोस्टॅटचे घर व हेड गास्केट प्रथम तपासावे. नव्या डिझेल पिकअपमध्ये ईजीआर कूलरही पाहावा. ट्रॅक्टरमध्ये इनटेक गास्केट सैल झाल्यास वेगळेच संकट ओढवते: एअर फिल्टरला वळसा घालून धूळ आत शिरते आणि सिलिंडर व पिस्टन रिंग झिजवते.

लक्षणे

- जमिनीवर थेंब न दिसताही कूलंटची पातळी वारंवार घटणे.
- सांध्यालगत पांढरट किंवा रंगीत क्षारांचा थर दिसणे.
- डिपस्टिकवरील ऑइल दुधाळ होणे. असे इंजिन चालवू नये, कारण पाणी मिसळलेले ऑइल बेअरिंगचे संरक्षण करू शकत नाही.
- इंजिन तापल्यानंतरही धुराड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणे.

गास्केट का निकामी होते?

ॲल्युमिनियम ओतीव लोखंडापेक्षा अधिक प्रसरण पावते. दोन्ही धातू एका सांध्यात असतील तर प्रत्येक तापण्या-निवण्याबरोबर गास्केट घासले जाते. जुन्या कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये संपली की धातूचा पृष्ठभागही खाल्ला जातो. विहिरीच्या जड पाण्याने क्षार साचतात. फवारणीच्या द्रावणासाठी पाणी पारखून घेणाऱ्या शेतकऱ्याने तीच काळजी रेडिएटरसाठीही घ्यावी. रात्रीच्या कामात दिव्यांवर येणारे कीटक आणि मळणीचा भुसा रेडिएटरच्या जाळीत अडकतो. हवा अडते, इंजिन अधिक तापते आणि कमकुवत गास्केट उघडे पडते.

दुरुस्तीचा क्रम

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. प्रत्येक १ पीएसआय दाबामागे पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे दीड अंश सेल्सिअसने वाढतो, त्यामुळे झाकण उघडताच दाब सुटून उकळते द्रव अंगावर उसळते. थंड इंजिनावर दाब चाचणी करून गळतीची जागा निश्चित करावी. दाब झाकणावर लिहिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक देऊ नये.

बॅटरीची जोडणी काढून कूलंट स्वच्छ भांड्यात काढावे. बोल्टची लांबी व जागा नोंदवून मॅनिफोल्ड उतरवावे. उघडी छिद्रे स्वच्छ कापडाने झाकून जुने गास्केट प्लास्टिकच्या खरवडणीने काढावे, कारण ॲल्युमिनियमवर पडलेला ओरखडा पुन्हा गळतीला वाट देतो. सरळपट्टी व फीलर गेजने पृष्ठभागाचा सपाटपणा तपासावा. छिद्रांतील कापड आठवणीने काढून नवीन गास्केट बसवावे. बोल्ट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने पुस्तिकेतील मापानुसार आवळावेत. पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असल्यास तोच पाळावा. जेथे सांगितले असेल तेथेच सीलंट लावावे. ऑइल दूषित झाले असल्यास फिल्टरसह बदलावे.

शिफारस केलेले कूलंट, सामान्यतः डिस्टिल्ड पाण्यात समप्रमाणात मिसळून, भरावे व आतील हवा काढून टाकावी. इंजिन कामाच्या तापमानाला आणून सांधा पाहावा आणि पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा तपासावी.

जनावरांची काळजी

इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड परंतु विषारी असते. ते मूत्रपिंडे निकामी करते. सांडलेले कूलंट जनावरे व कुत्री चाटतात. ते पाटात, विहिरीलगत किंवा गोठ्याजवळ ओतू नये. खूण केलेल्या बंद डब्यात ठेवून ते कार्यशाळेकडे सोपवावे. औषधाचे रिकामे डबे त्यासाठी वापरू नयेत.

विस्तार कार्यकर्त्यांनी हंगामपूर्व बैठकीत कामगंध सापळे व फवारणीच्या नियोजनाबरोबरच कूलंटची पातळी, होज पाइप, रेडिएटरची जाळी व झाकण यांच्या तपासणीचाही समावेश करावा. या तपासणीस थोडाच वेळ लागतो, मात्र ती फवारणीच्या आठवडाभर आधी झाल्यास दोष सापडला तरी दुरुस्तीला अवधी उरतो.